डाळ कुठून बसते

१९९३ सालच्या नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. रक्कम एकशे सदतीस रुपये पन्नास पैसे. हजर: आमचे शेजारी सुपडूनाना, त्यांच्या पत्नी सुमनअक्का, माझी पत्नी आणि मी. स्थळ: जळगावातल्या आमच्या कॉलनीत नानांच्या घराचा ओटा.

ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर सहा वस्तू ओळीने मांडल्या होत्या. बिनपॉलिशची तूरडाळ एक किलो, छत्तीस रुपये. काळसर गूळ एक किलो, अठरा. मधाची लहान बाटली, बेचाळीस. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल अर्धा किलो, सत्तावीस. नागलीचं पीठ अर्धा किलो, अकरा. आणि हे सगळं ज्यातून आलं ती जाड्याभरड्या कापडाची पिशवी, साडेतीन.

नाना ओळीच्या एका टोकाला हात मागे बांधून उभे होते. एस.टी.च्या नोकरीत असताना विनातिकीट प्रवाशांना गाडीतून उतरवून रस्त्याच्या कडेला उभं केल्यावर ते असेच उभे राहत असावेत.

"हाई काय शे?" त्यांनी पिशवीकडे बोट दाखवून विचारलं. नाना मूळचे साक्रीकडचे. एरवी आमच्याशी शहरातलं बोलत, पण राग आला की गावाकडचं बोलणं वर येई. "पिशवीचे पैसे? भाऊ, तुम्ही सांगा, पिशवीचे पैसे घेणारा दुकानदार पाहिला का कधी? उद्या दारातून आत आल्याचे घेईल."

"पैसे माझ्या भावाने ओवाळणीत घातलेले आहेत," अक्का म्हणाल्या. "तुमच्या खिशातला एक पैसा नाही त्यात."

"पैसा तुझ्या भावाचा, पण लूट माझ्या घरात झाली ना!"

ते दुकान दिवाळीच्या आधी उघडलं होतं. नाव संस्कृत, पाटी हिरवी आणि पाटीवर एक पान काढलेलं. काचेचं दार, आत गार हवा, गव्हापासून गुळापर्यंत सगळं नैसर्गिक आणि सगळ्याच्या किमती चिठ्ठीवर लिहिलेल्या. त्या कमी करायच्या नाहीत, हेही लिहिलेलं. डॉक्टर-वकिलांच्या घरच्या बायका तिथे मोटारीतून येत. आमच्या कॉलनीतून पहिलं गिऱ्हाईक गेलं ते सुमनअक्का, आणि त्याही पायी.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे घडलं असतं तर दोन दिवस धुसफूस होऊन मिटलं असतं. नानांच्या घरी ते सरळ त्यांच्या धर्मावर आलं.

नाना एस.टी.त तिकीट तपासनीस होते. सगळी नोकरी धुळे, साक्री, शिरपूर, जळगाव या रस्त्यांवर गेली. मधल्याच कुठल्याशा फाट्यावर गाडीत चढायचं, तिकिटं बघायची, पुढच्या फाट्यावर उतरायचं आणि उलट बाजूची गाडी धरायची. या धंद्यात माणसाला दोन सवयी लागतात. एक, कुणावर पटकन विश्वास बसत नाही. दुसरी, कुठल्या फाट्यावर काय चांगलं मिळतं ते कळतं. नानांनी पुढे या दोन सवयींचं एक शास्त्रच केलं. मिरची एका गावची, गूळ दुसऱ्या गावचा, शेंगा तिसऱ्या, तूरडाळ शिरपूरजवळच्या एका शेतकऱ्याकडची. जळगावात डाळमिलांना तोटा नाही. आमच्या कॉलनीच्या मागच्या रस्त्यालाच दोन होत्या आणि वारा फिरला की तुरीची टरफलं ओट्यावर येऊन पडत. तरी नाना डाळ शंभर किलोमीटरवरून आणत.

खाण्याच्या कुठल्याही वस्तूला त्यांचा पहिला प्रश्न एकच असे: "ही कुठून बसली?"

आमच्याकडे जेवायला बसले की पहिला घास घेऊन विचारत, "वहिनी, ही मिरची कुठून बसली?" माझी पत्नी सांगे, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून. मग नाना सहानुभूतीने मान हलवत. त्यांचं म्हणणं असं की जिन्नस जितक्या गाड्या बदलतो तितकं त्याचं भाडं आपण भरतो. वाण्याकडची मिरची निदान चार गाड्या बदलून आलेली असते. त्यांची मिरची एका गाडीने येते आणि त्या गाडीत पुन्हा त्यांना पास. निवृत्तीनंतरही त्यांना प्रवासाचा पास होता, एकट्याचा. तो ते न विचारता सगळ्यांना दाखवत. एकदा पिठाच्या गिरणीतही दाखवलेला मी पाहिला आहे.

धान्य पारखायची त्यांची रीत वेगळी होती. दाणा दाढेखाली धरायचा, कान समोरच्या माणसाकडे करायचा आणि म्हणायचं, "ऐका." कट् असा आवाज आला की माल पास. या आवाजावर आमच्या कॉलनीने एक वर्ष काढलं, ते सांगायला हवं.

आमच्याकडे वर्षाचं धान्य एकदम भरतात. मार्च-एप्रिलात गहू घ्यायचा, निवडायचा, उन्हं द्यायची, एरंडेल चोळायचं आणि कोठीत भरायचा. खायचा मात्र लगेच नाही. तोवर आदल्या वर्षाचा संपवायचा असतो. त्या वर्षी नानांनी तापीकाठच्या एका गावाहून गहू शोधून काढला. दाणा सोनेरी, वजनदार, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडे ऐकू जावा. कॉलनीतल्या सहा घरांनी नानांच्या शब्दावर ट्रक करून गहू आणला. आमचे तीन क्विंटल होते. सहाही घरच्या बायकांनी तो निवडला, चोळला, भरला. जूनमध्ये पहिलं दळण आलं आणि पोळी केली. ती वाकेना. दुपारी तिच्याने सतरंजी झटकता आली असती.

एरंडेल चोळलेला गहू परत कोण घेणार? सहा घरांनी तो वर्षभर खाल्ला. नानांना तोंडावर कुणी काही बोललं नाही, कारण बोलायला तोंड उघडायचं तर जबडा दुखत असे. नाना स्वतः रोज तीन पोळ्या खाऊन दाखवत आणि म्हणत, "पचायला वेळ लागतो. म्हणजे भूक उशिरा लागते. म्हणजे बचतच आहे."

अक्का वाढता वाढता म्हणत, "खा, खा. दात आहेत तोवर खाऊन घ्या."

सुरतेची गोष्टही याच ओट्यावर ऐकलेली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी नानांनी शिरपूरहून डाळीचं पोतं धुळ्याला आणलं आणि जळगावच्या गाडीत ठेवून स्वतः चहाला गेले. गाडीवर पाटी जळगावची होती, पण ती बदलायची राहिली होती. गाडी निघाली सुरतेला. पाटी न वाचता गाडीत चढणाऱ्या प्रवाशांना नानांनी जन्मभर सुनावलं. आणि पाटी वाचून चढवलेली त्यांची स्वतःची डाळ तिसऱ्या दिवशी गुजरात करून परत आली.

तेव्हा अक्का एवढंच म्हणाल्या होत्या, "डाळ सुरत बघून आली. मी अजून साक्रीच्या पुढे गेले नाही." त्यांचं माहेर धुळ्याचं, सासर साक्रीकडचं. आम्ही सगळे हसलो होतो. अक्काही हसल्या होत्या.

तर त्या रविवारी पंचनामा झाल्यावर नानांनी मला पंच नेमलं. मी सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यात. कॉलनीत कुणाचा भाडेवाटणीचा वाद असो की गणपतीच्या वर्गणीचा, मलाच बोलावत.

"भाऊ, तुम्ही हिशेब करा," नाना म्हणाले. "त्या दुकानातून घेणं परवडतं की नाही, एवढंच सांगा. तोटा निघाला तर ही पुन्हा तिथली पायरी चढणार नाही. फायदा निघाला तर मी तोंड उघडणार नाही."

"तुम्ही तोंड उघडणार नाही," अक्का म्हणाल्या, "म्हणजे मला दोन्हीकडून फायदाच. कबूल. पण भाऊ, हिशेबात सगळं धरा."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं."

अक्का शब्दाला पक्क्या. नाही म्हटलं की नाहीच. त्यामुळे हे गमतीत चाललं असलं तरी गंमत नव्हती. एखाद्या रविवारी चार वाजता धुतलेलं पातळ नेसून त्या दुकानात जाणं, हे चालू राहील की बंद होईल, ते माझ्या आकड्यावर ठरणार होतं.

मी नमुन्यासाठी तूरडाळ घेतली. नानांच्या डाळीचा शेतावरचा भाव किलोला सतरा रुपये. दुकानाचा छत्तीस. नानांच्या मते हिशेब इथेच संपला होता. पण सगळं धरायचं म्हणून मी नानांची एक फेरी उलगडली. पोत्याची हमाली. जाता-येता चार चहा, दोन वडे.

"चहा डाळीत कशाला धरता?" नाना म्हणाले. "चहा मी प्यालो. डाळ थोडीच प्याली?"

"डाळीला गेला नसतात तर प्याला असतात का?"

"असतो. घरी."

"घरी दूध-साखर माझी लागते," अक्का म्हणाल्या. "लिहा भाऊ."

चहा लिहिला. मग घट धरली. खडे, फोल, माती. नंतर कीड. मग अक्कांचे दिवस धरले. डाळ निवडणं, तेलपाणी लावणं, गच्चीवर वाळत घालणं, कबुतरं हाकत बसणं. याचा भाव काय लावावा ते कळेना, म्हणून मी मागच्या डाळमिलमध्ये निवडणाऱ्या बायांना जी रोजी मिळते ती लावली. नाना म्हणाले हे चुकीचं आहे, घरच्या माणसाला रोजी नसते. अक्का म्हणाल्या, "बरोबर आहे, मिलमधल्या बायांना निदान दुपारची सुट्टी असते."

एवढं करून नानांची डाळ किलोला सव्वीस रुपये पंचाहत्तर पैशांवर आली. दुकानाची छत्तीस. फरक नऊ रुपये पंचवीस पैसे. तोटा होता. गूळ आणि तेल धरलं तर तो आणखी वाढत होता.

निकाल देण्याआधी माल समक्ष पाहावा, अशी आमच्या खात्याची पद्धत आहे. म्हणून पुढच्या रविवारी चार वाजता आम्ही चौघं त्या दुकानात गेलो. नानांनी काचेच्या दारापाशी चपला काढल्या. आतल्या मुलीने सांगितलं, काका, राहू द्या. तेव्हा त्यांनी त्या हातात घेतल्या, पण पायात घातल्या नाहीत.

त्यांनी मधाची बाटली उचलली. "हा मध कुठून बसला?"

मुलगी गोंधळली. मी म्हटलं, "कुठून आला, असं विचारतायत."

"सातपुड्यातून, काका."

"सातपुडा मोठा आहे बाई. कोणता फाटा?"

"ते मालकांना विचारावं लागेल."

नानांनी माझ्याकडे विजयाने पाहिलं. मग त्यांनी तुरीचा दाणा तोंडात टाकला, कान त्या मुलीकडे केला आणि म्हणाले, "ऐका." कट् झालं. चांगलं खणखणीत झालं. नानांनी दुसरा दाणा घेतला. तोही तसाच वाजला. त्यांनी तिसरा घेतला नाही.

तेवढ्यात ती मुलगी अक्कांकडे वळली. "काकू, आज तुम्हाला काय हवंय?"

आणि अक्का बदलल्या. मी त्यांना दहा वर्षं पाहत होतो, पण या अक्का मला नवीन होत्या. त्या बरण्यांपुढून सावकाश चालल्या. एका बरणीचं झाकण उघडायला लावून वास घेतला. नको म्हणाल्या. दुसरी पाहिली. ती मुलगी मागे मागे, "काकू, हे बघा, हे देऊ का थोडं?" अक्का म्हणाल्या, "थांब, विचार करते." पुन्हा पहिल्या बरणीपाशी आल्या. शेवटी शंभर ग्रॅम तीळ घेतले. त्याला पाऊण तास लागला. नानांनी हातातल्या चपला या हातातून त्या हातात केल्या आणि तीनदा घड्याळ पाहिलं.

परत येताना नाना म्हणाले, "एवढं काय होतं विचार करण्यासारखं? तीळ ते तीळ."

अक्का रस्त्याकडे बघत चालत होत्या. म्हणाल्या, "तिथलं वाईट निघालं तर किलोभर वाईट निघतं. तुमचं निघालं तर वर्षभर."

थोडं पुढे गेल्यावर अक्काच माझ्या पत्नीला म्हणाल्या, पण आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात, "लग्न झाल्यापासून ह्यांनी आणलं ते शिजवते. चांगलंच आणतात, नाही म्हणत नाही मी. पण काय हवंय असं ती पोरगी विचारते ना, मला पहिल्यांदा हसूच आलं. काय सांगावं कळेना. छत्तीस रुपये ती विचारण्याचे घेते गं. डाळ वर फुकट मिळते."

घरी आल्यावर मी निकाल दिला. किलोमागे नऊ रुपये पंचवीस पैसे तोटा. विचारण्याचा भाव माझ्याकडे नव्हता, आणि ज्याचा भाव नाही ते मी कागदावर घेत नाही.

"झालं तर मग," अक्का म्हणाल्या. पिशवी त्यांनी नीट चार घड्या घालून कपाटात ठेवली.

नाना जिंकले. पण जिंकलेला माणूस असा नसतो. पुढच्या रविवारी चार वाजता अक्का ओट्यावर बसून वाती वळत होत्या आणि नाना अंगणात फेऱ्या मारत होते. पाच वाजता ते आमच्याकडे आले.

"भाऊ, हिशेबात काही चूक नाही ना?"

"नाही."

"ते चहाचं? माझे कधीकधी सहा चहा होतात."

"सहा धरले तरी तोटाच."

"वडेही जास्त असतील."

"नाना, तुम्ही जिंकलाय."

"ते कळलं हो," नाना चिडून म्हणाले. "ती काही बोलत नाहीये. सकाळपासून. वाती वळतेय. एवढ्या वाती लावायला आमच्याकडे देव तरी आहेत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिरपूरला निघाले. संक्रांतीच्या आधी एक फेरी त्यांची ठरलेली असे. मी ऑफिसला जायला सायकल बाहेर काढत होतो. नाना पायऱ्या उतरले, थांबले, परत वळले आणि दाराकडे बघून म्हणाले, "ऐकलं का. काय आणू?"

आत भांड्यांचा आवाज बंद झाला. अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काय म्हणालात?"

"काय आणू, म्हटलं. तुला काय पाहिजे?"

अक्कांनी खांबाला टेकून त्यांच्याकडे पाहिलं. "थांबा," त्या म्हणाल्या. "विचार करते."

नानांची गाडी सव्वानऊची होती. साडेनऊला मी निघालो तेव्हा नाना पायरीवर बसले होते आणि अक्का विचार करत होत्या. नंतर कळलं, साडेदहाचीही गाडी गेली. त्या दिवशी नाना गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्कांचा विचार झाला.

"काही आणू नका. मलाच न्या. इतकी वर्षं ऐकते, डाळ शिरपूरहून बसते, शिरपूरहून बसते. एकदा बघू द्या, कुठून बसते ती."

नाना म्हणाले, "पण पास एकट्याचा आहे."

अक्का म्हणाल्या, "मग तुम्ही पासावर या. मी तिकिटावर येते."

ते दुकान पुढे चांगलं चाललं. तिथून घेणं परवडतं का, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर आजही तेच आहे: डाळ, गूळ, तेल यांना परवडत नाही. बाटल्यांतल्या मधाबद्दल मला सांगता येणार नाही, कारण फाटा कळला नाही. अक्का मात्र संक्रांतीनंतर पुन्हा तिथे जाऊ लागल्या. नानांनी आपणहून त्यांचा शब्द त्यांना परत केला, असं ते मला गंभीरपणे सांगून गेले. ते स्वतः काचेच्या दाराबाहेर उभे राहत, चपला पायात घालून. पुढच्या जूनमध्ये माझी धुळ्याला बदली झाली आणि आमचा शेजार संपला. त्यामुळे त्यांचं त्यानंतरचं मला फारसं माहीत नाही. मला नाना आठवतात ते शिरपूरला निघालेल्या सकाळचे.

मी त्या दिवशी ऑफिसच्या कामासाठी धुळ्याची गाडी धरायला जळगावच्या स्टँडवर गेलो होतो. शिरपूरची गाडी लागलेली होती. खिडकीत अक्का बसल्या होत्या, मांडीवर ती साडेतीन रुपयांची पिशवी. मी निरोप घ्यायला गाडीत चढलो.

"कुठली डाळ घ्यायची ते मी निवडणार," अक्का मला म्हणाल्या. "ठरलंय तसं."

"निवड म्हटलंय ना," नाना म्हणाले. "पण दाणा वाजवून मी बघणार." चढण्याआधी त्यांनी गाडीवरची पाटी स्वतः जाऊन दोनदा वाचली होती, असं अक्कांनी सांगितलं.

तेवढ्यात वाहक आला. तिशीतला पोरगा, नोकरीला लागला तेव्हा नानांच्या तपासणीला थरथरणारा. नानांना पाहून त्याने नमस्कार केला आणि पास न बघताच पुढे सरकला.

"थांब," नाना म्हणाले. "एक शिरपूर."

"कुणाचं, नाना? अक्कांचं? राहू द्या हो. आता तुमच्याकडून काय घ्यायचं? बसू द्या तशाच."

गाडीतले दोघेतिघे वळून बघायला लागले. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या, पण कान इकडे होता. नानांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. माझ्या पाहण्यात त्यांनी एस.टी.त कधी पैसे काढले नव्हते. नेमके किती लागतील हे त्यांना तोंडपाठ होतं, तरी त्यांनी भाडं विचारलं, इतर प्रवासी विचारतात तसं.

"बावीस," पोरगा कसनुसं हसून म्हणाला. "पण नाना, खरंच..."

"फाड," नाना म्हणाले.

पोरग्याने तिकीट फाडलं, टोचलं आणि नानांपुढे धरलं. नानांनी ते घेतलं नाही. खिडकीकडे हात केला. अक्कांनी ते घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पिशवीत तळाशी ठेवलं.

जळगाव ते शिरपूर, पूर्ण तिकीट एक. बावीस रुपये, नानांनी, वाहकाला.